चौसष्ट भोकांचं कॅबिनेट

दोन हजार दोन साली अहेरीत संगणकातलं कळणारी माणसं दोनच होती. त्यातल्या एकाची बदली गोंदियाला झाली, म्हणून उरलो मी. हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं. नागपूरला वर्षभराचा हार्डवेअरचा कोर्स करून आलो होतो आणि येताना प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स काढून आणल्या होत्या. एक दुकानात लावली, एक घरात, आणि तिसरी कोणी मागितली तर असावी म्हणून पाकिटात ठेवली. ती अजून पाकिटातच आहे.

दुकान म्हणजे अब्बांच्या कारखान्याची पुढची खोली. 'कारखाना' हा शब्दही माझाच. अब्बा, म्हणजे हाफिज शेख, पत्र्याच्या पेट्या बनवायचे. नवरीच्या पेट्या, धान्याच्या पेट्या, बदली झालेल्या मास्तरांच्या पेट्या. त्यांच्या पेटीत मुंगी शिरत नाही अशी ख्याती होती आणि ती उगीच नव्हती. पेटी तयार झाली की अब्बा ती मागच्या बिनखिडकीच्या खोलीत न्यायचे, आत बॅटरी पेटवून ठेवायचे, झाकण लावायचे, दार ओढून घ्यायचे आणि अंधारात वाकून वाकून पेटीभोवती फिरायचे. कुठून सुईएवढा उजेड दिसला की तिथे डाख द्यायचे. मग पुन्हा बॅटरी आणि पुन्हा फेरी. याला ते 'दिवा दाखवणं' म्हणत. चाळीस वर्षांत दिवा दाखवल्याशिवाय आमच्याकडून एकही पेटी गेली नाही.

मला या सगळ्याची जरा लाजच वाटायची. पुढे मी विंडोज टाकतोय आणि मागे ठकठक चाललीय. गिऱ्हाइकानं विचारलं तर मी 'मागे मेटल वर्क चालतं' असं सांगायचो. गिऱ्हाईक आत डोकावून म्हणायचं, "हाफिजभाऊ पेट्या करून राह्यले नं?"

त्याच वर्षी नागपूरच्या बाजारात 'स्लिम' म्हणून छोटी कॅबिनेटं आली. कॅबिनेट म्हणजे संगणकाचं सगळं सामान ज्यात बसतं तो डबा. आमच्याकडे लोक त्याला सीपीयू म्हणत आणि मी दर वेळी त्यांची चूक दुरुस्त करत असे, त्यामुळे लोक माझ्याशी संगणकाबद्दल कमीच बोलत. तर मी ते एक स्लिम कॅबिनेट मागवलं, उघडलं आणि तासाभरात बोटाला रुमाल गुंडाळून बसलो. आतल्या पत्र्याच्या कडा कोणी दुमडल्याच नव्हत्या. मेमरीची पट्टी बदलायची तर आधी सीडी ड्राइव्ह काढा. ड्राइव्ह काढायचा तर त्याचा एक स्क्रू पॉवर सप्लायच्या पोटाखाली. सप्लाय काढायचा तर बोर्डाच्या सगळ्या वायरी उपटा. हवेची भोकं उजव्या अंगाला, आणि उभं ठेवायचे रबरी पाय बसवले तेही उजव्या अंगालाच, म्हणजे डबा उभा केला की नाक टेबलात. पंखा बिस्किटाएवढा, आवाज पीठगिरणीचा. चालू-बंदचं बटन नेमकं वर, जिथे माणूस हात टेकतो. आमच्या मांजरानं पहिल्याच दिवशी दोनदा संगणक बंद केला.

या सगळ्या उणिवा मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. अकरा निघाल्या. चहाला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या क्रमानं समजावून सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "मी बनवला असता तर असा बनवला नसता." माझी बहीण आबिदा एकदा म्हणाली, "भाई, बारावी राहिली. हे सगळं ऐका लागते, ते पण लिहून टाक."

आणि मग सरिताताई आली. सरिता दुर्गे. तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली ती चौदा वर्षं टाइपरायटर घेऊन बसायची. जातीचा दाखला, रेशनकार्ड, फेरफार, सगळे अर्ज तिला तोंडपाठ. माणूस रडत आला तरी ती आधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायची आणि मग त्यातलं कामाचं तेवढं तीन ओळीत टाइप करायची. कचेरीतले बाबूसुद्धा अडलं की बाहेर येऊन तिला विचारत.

"मुबीन," ती स्टुलावर बसत म्हणाली, "मले उठवून राह्यले."

तहसीलच्या आवारात अर्ज लिहिणाऱ्यांसाठी नवीन शेड झालं होतं. त्यात जागा तीन. जागा मिळणार ती संगणक आणि प्रिंटर असणाऱ्याला. पंधरा दिवसांनी शुक्रवारी साहेब स्वतः पाहणार होते. प्रत्येकानं त्यांच्यासमोर एक अर्ज टाइप करून छापून द्यायचा, की जागा पक्की. शेडबाहेर मात्र कोणालाच बसू देणार नव्हते. चंद्रपूरहून आलेला प्रफुल नावाचा मुलगा आणि त्याचा साथीदार यांच्याकडे सगळं तयार होतं. म्हणजे दोन जागा गेल्याच होत्या.

"तिसरी राह्यली," सरिताताई म्हणाली. "थे गेली तं मले धानाच्या रोवण्याले जा लागन. बाबानं चिखलातून काढून शाळेत घातलं व्हतं. आता चाळिशीत तिथीच परत जाऊ का?"

तिच्या भावानं नागपूरहून एक जुना मॉनिटर आणि प्रिंटर पाठवला होता. ते दोन्ही लच्छूच्या चहाच्या टपरीतल्या कपाटात रात्री मावत होतं, पण त्याहून जास्त काही मावत नव्हतं. बाकीचं तिला रोज सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी न्यावं लागणार होतं. टेबल दोन फुटांचं. म्हणजे डबा खाली आणि मॉनिटर त्याच्या डोक्यावर, असंच ठेवणं भाग होतं. शेडच्या तिन्ही बाजू उघड्या, म्हणून आत पाणी जायला नको. मुंग्या जायला नकोत, मागच्या वर्षी त्यांनी टाइपरायटरमध्ये संसार थाटला होता.

मला इतका आनंद झाला की तो मला लपवता आला नाही. तिच्या पोटावर पाय येत होता आणि मला माझी अकरा कलमं दिसत होती. मी तिला भिंतीवरचा कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. तिनं तो तिसऱ्या कलमापर्यंत ऐकला आणि विचारलं, "शुक्रवारपर्यंत व्हईन का?"

"ताई, मीच डिझाइन करतो," मी म्हणालो. 'डिझाइन' म्हणताना माझा आवाज थोडा खाली यायचा, जसा मशिदीत येतो.

दोन दिवस बसून मी आराखडा काढला. तेरा इंच लांब, बारा रुंद, सहा उंच. झाकण वरून उघडणारं, म्हणजे कोणतीही वस्तू काढायला दुसरी काढावी लागणार नाही. कडा सगळ्या दुमडलेल्या. बटन पुढे, खोलगट जागेत, मांजराच्या पंजाला सापडणार नाही असं. मॉनिटरचं वजन पेलायला आतून दोन आडव्या पट्ट्या. सायकलीसाठी कडी. हे सगळं खरोखर चांगलं होतं, आज वीस-बावीस वर्षांनीही मी ते नाकारणार नाही. आराखडा अब्बांसमोर ठेवला. घरात आम्ही हिंदी आणि इथल्या मराठीची खिचडी बोलतो, इथे मराठीच लिहितो.

अब्बांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "याच्यात काय राह्यते?"

साधा प्रश्न होता. चाळीस वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला हाच प्रश्न आधी विचारत आले होते. मी म्हणालो, "मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क, एसएमपीएस."

"म्हंजे कसं सामान?"

"तुम्हाला नाई समजणार अब्बा. महाग सामान आहे. लय महाग."

"महाग आहे," अब्बांनी मान हलवली आणि पत्रा कापायची कात्री उचलली.

तीन दिवसांत पेटी उभी राहिली. मग मी माझं काम केलं. दोन्ही बाजूंना आणि मागे ड्रिलनं भोकं पाडली, हवा खेळायला. आठ ओळी, प्रत्येकीत आठ. मोजून चौसष्ट. त्या रात्री झोपताना मला वाटलं की माणसानं आयुष्यात एकदा तरी चौसष्ट भोकं सरळ रेषेत पाडावीत. सकाळी बोर्ड, प्रोसेसर आणायला मी चंद्रपूरची गाडी पकडली. अब्बांना सांगितलं, "रंग मारून ठेवा." भोकांबद्दल काही बोललो नाही. डिझाइन करणारानं कारागिराला कारणं सांगत बसायची नसतात, असं माझं मत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर सरिताताई दुकानात बसलेली आणि तिच्या मांडीवर पेटी. हिरवा रंग. झाकणावर अब्बांनी नवरीच्या पेटीवर काढतात तशी लाल-पिवळी फुलं काढली होती. बाजू मात्र गुळगुळीत. चौसष्टपैकी एकही भोक दिसत नव्हतं.

"कोणीतरी पेटीची चाळणी करून ठेवली व्हती," अब्बा आतून म्हणाले. "दिवा दाखवला तं आभाळात चांदण्या निंगाव्या तसा उजेड. दिवसभर डाख देत बसलो. आता पाह्य, मुंगी जात नाई. वायरीच्या जागा तू सांगतल्या तेवढ्या ठेवल्या, त्याच्या भवताल पण रबर लावला."

मी तोंड उघडलंच होतं. पण त्याआधी सरिताताईनं फुलांवरून हात फिरवत विचारलं, "मुबीन, याच्यात पाणी खरंच नाई जाणार?"

तिचा चेहरा मी इतका हलका झालेला कधी पाहिला नव्हता. आणि हे आता लिहिताना कान गरम होतात, पण मी म्हणालो, "थेंबभर नाही ताई. डिझाइनच तसं केलंय."

अब्बा आतल्या दारात उभे होते. 

आता कोणी म्हणेल, सरळ पुन्हा भोकं पाडायची. पण पाडली असती तर मला सांगावं लागलं असतं की हे माझं डिझाइन नव्हतं, आणि डिझाइनच होतं असं सांगून झालेलं होतं. शिवाय मी मनाची समजूत घातली की पॉवर सप्लायचा पंखा आहे, तो सप्लायसाठी मागे ठेवलेल्या जागेतून आतली गरम हवा बाहेर फेकेल. फेकेल खरं, पण आत हवा यायला वाट कुठे होती? फुंकणीचं दुसरं टोक बोटानं दाबून चूल फुंकावी तसला प्रकार. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता आणि मी त्याचं बरोबर उत्तर लिहिलं होतं.

सोमवारी कडुनिंबाखाली संगणक मांडला. मे महिना होता, अहेरीत मे महिन्यात सावलीसुद्धा तापते. हिरवी पेटी, तिच्या डोक्यावर मॉनिटर, लच्छूच्या टपरीतून घेतलेली वीज. बघायला गर्दी झाली. पहिली अर्जदार गिरजाबाई नावाची म्हातारी, तिला घराचा उतारा हवा होता. सरिताताई हात सावकाश चालवत होती, कारण की-बोर्ड नवीन. अर्धा अर्ज झाला आणि पडदा काळा पडला.

"लाईन गेली," मी लगेच म्हणालो.

लच्छूच्या टपरीतला पंखा फिरत होता. सगळ्यांनी त्या पंख्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

वीस मिनिटांनी संगणक चालू झाला आणि अर्ध्या तासानं पुन्हा मेला. आतला प्रोसेसर तापला की जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो, हे अहेरीत एका माणसाला माहीत होतं आणि तो माणूस लोकांना 'व्होल्टेज कमी-जास्त होतंय' असं सांगत होता. नंतर मी 'व्हायरस असेल' म्हणालो. नवीन मशीन, त्यात फ्लॉपीसुद्धा गेली नव्हती, व्हायरस कुठून येणार? पण तो शब्द लोकांना माहीत होता, आणि त्यावर माना हलल्या. गिरजाबाईनं पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "याले तं बुखार आला." निदान तिनं केलं. मी म्हणालो, "आजी, हात लावू नका."

प्रफुल शेजारच्या टेबलावरून उठून आला. भला मुलगा होता, त्यानं म्हातारीचा अर्ज आपल्याकडे छापून दिला. सरिताताईनं त्याचे आभार मानले आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. टाइपरायटर तिनं घरी ठेवला होता. समोर नुसती काळी काच घेऊन ती चार वाजेपर्यंत बसून राहिली.

मंगळवारी मी आत दुसरा पंखा बसवला. तो आतलीच गरम हवा खिरीसारखी ढवळत राहिला. आवाज दुप्पट झाला आणि संगणक पाच मिनिटं लवकर बंद पडू लागला. मग पेटीला ओलं फडकं गुंडाळलं. झाकण उघडून चालवावं तर वर मॉनिटर. मॉनिटर स्टुलावर ठेवून झाकण उघडलं तर कोपऱ्यावरून बांबूचा ट्रक गेला आणि आत धुळीचा थर बसला. कडुनिंबाचा मोहोरही पडला. एका गड्यानं सुपानं वारा घालायची तयारी दाखवली. मी त्याला तुच्छतेनं नाही म्हणालो आणि अर्ध्या तासानं त्याच्याकडून सूप मागून घेतलं.

बुधवारी सकाळी सरिताताई पेटी कॅरिअरवर बांधून आमच्या दुकानात आली. तिनं दोरी सोडली, पेटी टेबलावर ठेवली.

"मुबीन, परवा शुक्रवार आहे," ती म्हणाली. "मले खरं सांग. व्हते का नाई? नसन व्हत तं मी साहेबाच्या पाया पडाले तरी जातो, पण मले आज समजलं पाह्यजे."

ती रागावली असती तर मी पुन्हा व्होल्टेजवर गेलो असतो. पण ती रागावली नव्हती. घाबरली होती. आणि तिची ती भीती पाहून मला जे सुचलं ते माझ्या सगळ्या अकरा उणिवांहून मोठं होतं. मी म्हणालो, "ताई, माझी चूक नाही. मी भोकं पाडली होती. अब्बांनी बुजवली. त्यांना यातलं काय कळतं?"

सरिताताईनं माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षं लोकांची खरी-खोटी गाऱ्हाणी ऐकलेली बाई ती.

"त्या दिवशी तं डिझाइन तुह्यं व्हतं," ती म्हणाली.

मागची ठकठक थांबलेली होती. कधी थांबली ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. अब्बा हात पुसत पुढे आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी पेटीवर हात ठेवला, जिथे गिरजाबाईनं ठेवला होता तिथेच, आणि मला विचारलं, "हे आतलं सामान, चालू झालं का गरम व्हते का?"

"होतं."

"आपल्या मनानं व्हते? बाहीरच्या उन्हानं नाई?"

"आपल्या मनानं. लय गरम होतं."

"मंग हे जित्तं आहे," अब्बा म्हणाले. "म्या तं तुले पहिलेच इचारलं व्हतं का याच्यात काय राह्यते. जित्त्याची पेटी येगळी राह्यते, बापा. तिले दिवा नाई दाखवत."

मग मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, मी ते लहानपणापासून बघत आलो होतो आणि कधी पाहिलं नव्हतं. जिमलगट्ट्याकडचे, रेपनपल्लीकडचे लोक अब्बांकडून आणखी एक पेटी बनवून घेत. झुंजीचा कोंबडा बाजाराला न्यायची पेटी. चार कोस सायकलीवर, भर उन्हात, आणि कोंबडा बाहेर निघाला पाहिजे तो लढायच्या तयारीनं. त्या पेटीला भोकं नसत. खाली दोन्ही अंगांना छिन्नीनं पत्रा चिरून बाहेर दाबलेल्या झडपा असत, तोंड खाली केलेल्या, म्हणजे पाऊस वरून ओघळून जाई. वर मागच्या अंगाला, झाकणाच्या खाली वळवलेल्या काठाआड, तशीच एक ओळ. हवा खालून थंड शिरायची, कोंबड्याच्या अंगानं तापायची आणि वरून निघून जायची. झडपांना आतून बारीक जाळी, मुंगीनं कोंबड्याचे पाय खाऊ नयेत म्हणून. कोंबडा मेला तर पेटीवाल्याचं नाव जातं, असं अब्बा म्हणत.

माझ्या आराखड्यात जे नव्हतं ते सगळं आमच्या मागच्या खोलीत टांगलेलं होतं.

अब्बांनी पेटीच्या दोन्ही बाजू आणि मागचा पत्रा कापून काढला. ज्या चौसष्ट डाखांवर त्यांनी दिवस घालवला होता ते पत्रे त्यांनी कोपऱ्यात टाकले. नवीन पत्र्यावर झडपा चिरायला बसले. मी आत सामान कसं बसतं ते त्यांना पहिल्यांदा नीट सांगितलं. कोणती वस्तू किती तापते, कोणती नाजूक, पंखा कोणीकडे फेकतो. ते मधूनमधून विचारत होते आणि प्रत्येक प्रश्न असा की मला उत्तर द्यायला थांबावं लागे. "हा मोठा पंखा बाहीर फेकते, तं लहान पंखा त्याच्यासमोर काऊन लावला? दोघं भांडत नाईत का?" भांडत होते. मी लहान पंखा काढून टाकला. सरिताताई उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. तिच्याकडे पाहायचं धैर्य मला होत नव्हतं.

गुरुवारी दिवसभर संगणक दुकानात चालवला. दुपारी पत्रा कोमट होता, तेवढंच. पेटीला दिवा दाखवला नाही. आबिदानं बाजूंना पुन्हा हिरवा रंग मारला, फुलं काढायला वेळ नव्हता.

शुक्रवारी अकराला साहेब आले. प्रफुलचं झालं, त्याच्या साथीदाराचं झालं. सरिताताई बसली. तिनं मॉनिटर पेटीच्या डोक्यावर सारखा केला, कोरा कागद लावला आणि टाइप करायला लागली. मी शेडच्या खांबाला टेकून उभा होतो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. माझं सगळं लक्ष त्या काळ्या पडू शकणाऱ्या पडद्याकडे. पहिल्यांदाच मला माझं नाव जाईल याची नाही, तिची जागा जाईल याची भीती वाटत होती. इतके दिवस ती मला का वाटली नव्हती, हे मी स्वतःला तिथे विचारलं आणि उत्तर काही चांगलं मिळालं नाही.

प्रिंटर करकरला. साहेबांनी कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला, मध्येच एकदा पेटीकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात सही केली. "तीन नंबर तुमची," ते म्हणाले आणि पुढे गेले.

सरिताताईनं पदरानं चेहरा पुसला.  मग तिनं आणखी एक प्रत छापली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"हे हाफिजभाऊले वाचून दाखव," ती म्हणाली. "आबिदाले देऊ नको वाचाले. तूच वाच."

अब्बांना उर्दू येई, देवनागरी लागत नसे. मी घरी आलो तेव्हा ते एका नवरीच्या पेटीला कोयंडा बसवत होते. मी म्हणालो, सरिताताईला जागा मिळाली. ते 'अल्हमदुलिल्लाह' म्हणाले आणि पुन्हा हातोडी उचलली. मग मी कागद उघडला आणि वाचायला लागलो.

"प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय, पेटीबाबत. महोदय, मी सरिता दुर्गे लिहून देते की, ज्या संगणकावर हा अर्ज टाइप केला त्याची पेटी हाफिज शेख, पेटी कारागीर, राहणार अहेरी, यांनी स्वतःच्या हाताने बनवली आहे. पेटीत काय ठेवायचे आहे हे त्यांनी आधीच विचारले होते, परंतु त्यांना सांगण्यात आले नाही. सांगितल्यावर त्यांनी ती एका दिवसात योग्य करून दिली. सबब, सदर पेटीत जो बिघाड झाला होता तो त्यांच्या हातून झालेला नाही, याची नोंद व्हावी ही विनंती."

अब्बांनी हातोडी खाली ठेवली होती. "पुन्हा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. 

"तुह्यं नाव नाई का त्याच्यात?" अब्बांनी विचारलं.

"नाई."

"इसरली असन. घाईत व्हती बिचारी."

"नाई अब्बा. इसरली नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. बोटानं खालची कोरी बाजू दाखवली. "इथी जागा आहे नं? मंग लिहून टाक. पोट्ट्यानं सामान चंद्रपूरवरून आणलं, बसवलं. खोटं नाई ते."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली आणि मी ती घेईन म्हणून वाट पाहत राहिले.